शार्कची कातडी आणि इस्पितळाची खाट

माणूस इस्पितळात जातो तो बरे होण्यासाठी. पण पुष्कळदा असे घडते की, ज्या दुखण्यासाठी तो दाखल झाला ते दुखणे उतरते आणि तिथेच त्याला दुसरा ताप जडतो. शस्त्रक्रिया चांगली होते, पण जखम चिघळते. लघवीसाठी नळी घातली जाते आणि त्या नळीवाटे जंतू आत शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. श्रीमंत देशांतल्या इस्पितळांत दर शंभर रुग्णांमागे सात जणांना आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत शंभरामागे पंधरा जणांना असा निदान एक तरी संसर्ग इस्पितळातच होतो, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्या दारचाच आहे.

हे जंतू येतात कोठून? हातावरून येतात, पाण्यातून येतात, रुग्णाच्या स्वतःच्या अंगावरूनही येतात. आणि खाटेची दांडी, दाराची मूठ, सलाईनचा स्टँड, शरीरात घातलेली नळी यांच्या पृष्ठभागावर ते बस्तान बांधून असतात. हा पृष्ठभागच असा घडवता आला की त्यावर जंतूंना बस्तानच बांधता येऊ नये, तर? ही कल्पना शास्त्रज्ञांना निसर्गाकडून कशी मिळाली, आणि प्रयोगशाळेतून बाजारात व बाजारातून इस्पितळात जाताना तिची वाट इतकी लांब का झाली, याची हकीकत आज सांगायची आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक तरुण डॉक्टर काम करीत होता. त्याच्या विभागात बाळंतिणी फार मरत. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात तर शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या. डॉक्टर आणि विद्यार्थी प्रेते फाडून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात, हे त्याच्या ध्यानात आले. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याखेरीज कोणी रुग्णाला हात लावू नये, असा दंडक त्याने घालून दिला. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शंभरात दोनवर आले. इतका सरळ पुरावा असूनही वडीलधाऱ्या डॉक्टरांनी तो मानला नाही. आपल्याच हातांनी रोग पसरतो हे कबूल करणे त्यांना जड गेले. पुढे १८६७ साली लिस्टरने कार्बोलिक आम्लाचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि हळूहळू शस्त्रक्रियेत जंतुनाशके रूढ झाली.

मग १९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. लोकांना वाटले, आता जंतूंची धडगत नाही. पण खुद्द फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना दिलेल्या भाषणात इशारा देऊन ठेवला होता की, अपुरे औषध दिले तर जंतू त्या औषधाला सरावतील. झालेही तसेच. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे बारा लाख सत्तर हजार माणसे दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे. जंतूला मारायचे औषध काढावे, त्याने त्यावर तोड काढावी, आपण आणखी जहाल औषध शोधावे, अशी ही शर्यत आहे. तेव्हा काही लोकांच्या मनात असा विचार येऊ लागला की, जंतूला मारण्याऐवजी त्याला बसायलाच जागा दिली नाही तर?

आता गंमत पहा. या प्रश्नाचे एक उत्तर डॉक्टरांना नव्हे, तर जहाजवाल्यांना सापडले.

कोकणातल्या कोणाही दर्यावर्दीला विचारा. होडी चार महिने पाण्यात राहिली की तिच्या बुडाला शेवाळ धरते, शिंपल्यांसारखे जीव चिकटतात आणि होडी जड चालते. मोठ्या जहाजांचेही तसेच. इंधन जास्त जळते आणि वेग कमी होतो. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. बूड स्वच्छ राहिले. पण दोन वर्षांनी तपासणी केली तेव्हा असे दिसले की, जिथे तांबे आणि लोखंडी खिळे एकमेकांना लागले होते तिथे समुद्राच्या पाण्यात खिळेच झिजून गेले होते! इलाज तर चालला, पण त्याने दुसरेच दुखणे उभे केले. श्रोतेहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती कामी येणार आहे.

विसाव्या शतकात जहाजांना कथिलाच्या संयुगाचा विषारी रंग लावू लागले. तो फारच गुणकारी ठरला, इतका की बंदरातले पाणीही विषारी झाले. फ्रान्सच्या आर्काशाँ खाडीत कालवांची मोठी शेती आहे. तिथली कालवे १९७० नंतरच्या दशकात वेडीवाकडी होऊ लागली. फ्रान्सने १९८२ साली लहान बोटींवर त्या रंगाला बंदी घातली. पुढे २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ साली तो जगभर लागू झाला. आता बिनविषारी उपाय हवा होता.

अमेरिकेच्या नौदलाला हीच चिंता होती. फ्लोरिडा विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक अँथनी ब्रेनन २००२ साली नौदलाच्या कामासाठी हवाई बेटांवर पर्ल हार्बर येथे गेले होते. शेवाळाने माखलेली एक पाणबुडी बंदरात येताना पाहून त्यांना अंगाला शेवाळ धरलेल्या देवमाशाची आठवण झाली. मग त्यांनी प्रश्न केला: समुद्रात सावकाश फिरूनही ज्याच्या अंगाला काही चिकटत नाही, असा प्राणी कोणता? उत्तर आले, शार्क.

शार्क म्हणजे आपल्या किनाऱ्यावर ज्याला मोरी किंवा मुशी म्हणतात त्याच जातीचा मासा. मासे साफ करणाऱ्या बायकांना त्याची कातडी चांगली ठाऊक असते. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागते, उलट फिरवला तर पॉलिशपेपरसारखी खरखरते. कारण त्या कातडीवर दातांसारखे बारीक बारीक खवले असतात आणि प्रत्येक खवल्यावर उभ्या रेघांसारखे उंचवटे असतात. ब्रेनन यांनी त्या कातडीचा ठसा घेतला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्या उंचवट्यांची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण त्यांना विशेष वाटले. मग त्यांनी तीच रचना पुष्कळ लहान करून सिलिकोनसारख्या पदार्थावर उमटवली. तिच्यातल्या प्रत्येक रेघेची रुंदी दोन मायक्रॉन, दोन रेघांमधले अंतर दोन मायक्रॉन आणि उंची तीन मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा वीसेक रेघा सहज मावतील! लहानमोठ्या रेघा शंकरपाळ्याच्या आकारात मांडलेल्या. डोळ्यांना ती फक्त एक प्लॅस्टिकची चकती दिसते.

या चकतीवर समुद्री शेवाळाचे बीजकण सोडले तेव्हा गुळगुळीत चकतीच्या मानाने ते सुमारे ८५ टक्के कमी चिकटले. त्यात विष नव्हते की औषध नव्हते. होता तो केवळ आकार. मग प्रश्न आला की, शेवाळाला जे लागू पडते ते जंतूंना पडेल का? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जखमा चिघळवणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू घेतला. चौदा दिवसांनी पाहिले तेव्हा गुळगुळीत पृष्ठभागाचा ५४ टक्के भाग जंतूंनी व्यापला होता, रेघांच्या पृष्ठभागाचा फक्त ७ टक्के.

असे का व्हावे? जंतू एकटा असतो तोवर दुबळा असतो. तो पृष्ठभागाला चिकटतो, त्याची संख्या वाढते, मग ते सगळे मिळून स्वतःभोवती चिकट बुळबुळीत थर तयार करतात. न घासलेल्या मोरीत किंवा रांजणाच्या तळाशी जो बुळबुळीतपणा लागतो, तोच हा प्रकार. एकदा का हा थर जमला की औषधही आत नीट पोहोचत नाही. उंचसखल, अरुंद रेघांवर जंतूला टेकायला सपाट जागा मिळत नाही आणि शेजाऱ्यांशी जोडून घेणे अवघड जाते. वसाहत उभी राहायला वेळ लागतो. येथे एक शब्द नीट ऐका: वेळ लागतो. जंतू मरत नाही.

निसर्गाच्या शाळेत असे आणखीही धडे आहेत. ‘अळवावरचं पाणी’ हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. अळवाच्या किंवा कमळाच्या पानावर थेंब मोत्यासारखा घरंगळतो, कारण पानावर मेणाचे अतिसूक्ष्म कण आणि उंचवटे असतात. थेंब त्यांच्या फक्त टोकांना टेकतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांना पाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना असे आढळले की, काही पाने मुळी धुवावीच लागत नाहीत. त्यांचा कमळाच्या पानावरचा प्रसिद्ध निबंध १९९७ सालचा. आणि १९९९ मध्ये त्या तत्त्वावर बनलेला भिंतीचा रंग बाजारात आलासुद्धा.

तिसरा धडा कीटकांचा. भर दुपारी झाडावर बसून कर्कश सूर लावणारा सिकाडा नावाचा एक कीटक आहे. ऑस्ट्रेलियातील स्विनबर्न विद्यापीठाच्या एलेना इव्हानोव्हा, रसेल क्रॉफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवून दिले की, त्याच्या पंखावर बसलेला स्यूडोमोनास जातीचा जंतू काही मिनिटांत फाटून मरतो. त्या पंखावर मायक्रॉनच्याही पाचव्या हिश्शाएवढ्या उंचीचे बोथट खुंट दाटीने उभे असतात. पंखातल्या एखाद्या रसायनामुळे तर असे होत नसेल ना, अशी शंका येणे साहजिक होते. म्हणून त्यांनी पंखावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा दिला. रसायन झाकले गेले, आकार तसाच राहिला, आणि जंतू तरीही मेले! शंका कशी फेडावी याचा हा नमुना शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावा. मात्र ज्या जंतूंचे कवच जाड असते, त्यांच्यावर या सिकाडाच्या पंखाची मात्रा चालली नाही. पुढच्याच वर्षी चतुर या कीटकाच्या पंखाच्या अभ्यासातून आणि तशीच रचना असलेल्या काळ्या सिलिकॉनच्या पृष्ठभागावरून असे दिसले की, तेथे दोन्ही प्रकारचे जंतू मरतात.

आता बाजाराकडे वळू. शार्कच्या कल्पनेवर २००७ साली अमेरिकेत ‘शार्कलेट टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी निघाली. आता ही रचना साऱ्या इस्पितळांत पसरणार, असे पुष्कळांना वाटले. तसे झाले नाही. २०१७ साली ती कंपनी चीनमधल्या एका गुंतवणूकदार संस्थेने विकत घेतली. पण तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन पहा. खाटेची दांडी पूर्वीसारखीच गुळगुळीत आहे. का बरे?

पहिली अडचण बनवण्याची. नखाएवढ्या तुकड्यावर सूक्ष्म रेघा उमटवणे प्रयोगशाळेला जमते. हजारो मीटर प्लॅस्टिकच्या पट्टीवर एकही रेघ न मोडता उमटवणे हे निराळे काम. नळीसारखी वस्तू साच्यातून निघते, तेव्हा साच्यातच रेघा कोरल्या तर वेगळे औषध मिसळावे लागत नाही, ही सोय आहे खरी. पण तो साचा घडवणे आणि सांभाळणे खर्चाचे असते.

दुसरी अडचण वापराची. इस्पितळात रक्त सांडते, पू लागतो, घामट हात लागतात. दोन मायक्रॉनच्या फटीत असा मळ वाळून बसला की रेघा बुजल्या. आणि घासून काढायला जावे तर रेघा झिजण्याचे भय. कीटकांच्या पंखासारखे खुंट तर त्याहून नाजूक. शिवाय मेलेल्या जंतूंचा खच खुंटांवर साचला की नव्या जंतूंना तीच सतरंजी! ‘अलार्म’ जहाजाचे खिळे आठवतात ना? प्रयोगात जे चालते ते वापरात काय करील, हे वापरूनच कळते.

तिसरी अडचण पुराव्याची, आणि ही सर्वांत मोठी. चकतीवर जंतू कमी चिकटले यावरून इस्पितळातली माणसे कमी आजारी पडतील, असे सिद्ध होत नाही. मधे डॉक्टरांचे हात आहेत, हवा आहे, रुग्णाची ताकद आहे. त्यासाठी शेकडो रुग्णांवर महिनोन्‌महिने पाहणी करावी लागते आणि तिला पैसा लागतो. त्यातून पाहणी करणारे त्याच कंपनीचे असले, तर वाचणाऱ्याने आकडे अधिक काळजीने तपासायला हवेत. शार्कच्या रचनेची तांब्याशी तुलना करणारा जो निबंध २०१४ साली निघाला, त्याच्या लेखकांत त्या कंपनीचे संशोधक होते. निबंधात तसे नमूद होते, ही चांगली रीत. एवढ्याने तो खोटा ठरत नाही. पण दुसऱ्या कोणी तोच प्रयोग करून पाहावा, अशी अपेक्षा ठेवणे योग्य आहे.

येथे तांब्याची गोष्ट आपोआपच येते. पाणी प्यायच्या भांड्याला आपण ‘तांब्या’ म्हणतो ते उगीच नव्हे. पितळेच्या भांड्यात जंतू टिकत नाहीत, हे चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी मिळून २००५ साली मांडले. जंतू दिसेनासे व्हायला त्यांच्या प्रयोगात दोन दिवस लागले होते. पण तांब्याचे काम रासायनिक आहे. म्हणून तर बिनकल्हईच्या भांड्यात आपण ताक ठेवत नाही. अमेरिकेत जंतू मारण्याचा दावा करणाऱ्या पृष्ठभागाची सरकारी नोंदणी व्हावी लागते. तांब्याच्या मिश्रधातूंना ती २००८ साली मिळाली. दोन तासांत ९९.९ टक्के जंतू मारतात असे म्हणायला परवानगी मिळाली, पण नेहमीची साफसफाई चालूच ठेवली पाहिजे, या अटीवर. २०१३ साली तीन इस्पितळांतल्या अतिदक्षता विभागांतील ६१४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तांब्याच्या वस्तू असलेल्या खोल्यांत इस्पितळातला संसर्ग ३.४ टक्के रुग्णांना झाला, साध्या खोल्यांत ८.१ टक्के. त्या पाहणीवर पुढे टीकाही झाली, आणि ती व्हायलाच हवी.

शार्कच्या रचनेची पंचाईत अशी की, ती जंतू मारत नाही. मग ‘जंतुनाशक’ हा बाजारात खपणारा शब्द तिला लावता येत नाही. ‘येथे जंतू कमी चिकटतात’ हे वाक्य खरे आहे, पण खरेदी करणाऱ्याच्या मनात ते तितकेसे ठसत नाही. खरे बोलणाऱ्याचा माल मागे पडावा आणि मोठा शब्द वापरणाऱ्याचा पुढे जावा, हा धोका येथे आहे. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा आपण ते डोळ्यांनी पाहिले. ‘अँटिबॅक्टेरियल’ रंग, कापड, मोबाईलची आवरणे यांचा पूर आला. करोना हा विषाणू, बॅक्टेरिया नव्हे, इतकेही कोणी विचारीना. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ साली सांगितले की, वस्तूंना हात लावून करोना होण्याचा धोका कमी आहे. तोवर लोकांचे पैसे खर्च होऊन गेले होते.

चौथी अडचण हिशेबाची. खाटेची किंमत दोनशे रुपयांनी वाढली तर ती कागदावर दिसते. पण जो संसर्ग झालाच नाही, जी बाई आठ दिवस आधी घरी गेली, तिचा फायदा कोणत्या रकान्यात लिहायचा? खरेदी करतो एक, बिल भरतो दुसरा, आणि सोसतो तिसराच.

मग या साऱ्या उद्योगातून निघाले काय? श्रोतेहो, निराश होण्याचे कारण नाही. कल्पना पक्की आहे. जिथे वस्तू शरीरात जाते आणि वापरून टाकून दिली जाते, उदाहरणार्थ लघवीची नळी, तिथे ही रचना विशेष उपयोगी ठरण्याजोगी आहे. कारण तिथे झिजेचा प्रश्न थोडा आणि जंतूंची वसाहत चार दिवस लांबली तरी रुग्णाचे काम होते. उलट, दाराच्या मुठीला तीच पट्टी लावून साफसफाई कमी केली तर नुकसानच व्हायचे.

म्हणून उद्या कोणी तुमच्या गावी येऊन शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी असा ‘जंतुमुक्त’ माल दाखवू लागला, तर चार प्रश्न विचारा. हा माल जंतू मारतो की चिकटू देत नाही? कोणते जंतू, आणि किती वेळात? ही परीक्षा चकतीवर झाली की रुग्णांवर, आणि ती कोणी केली? रोज पुसल्यावर सहा महिन्यांनी तो तसाच राहतो का? उत्तरे मिळाली तर माल जरूर घ्या. आपल्या देशात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत. त्यांखाली परवाना आहे का, तेही विचारायला संकोच नको.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, पावसाळ्यात शाळेच्या आवारात अळू उगवले की मुलांना एक प्रयोग दाखवा. पानावर चिमूटभर खडूची भुकटी टाका आणि वरून पाण्याचा थेंब सोडा. थेंब भुकटी गोळा करीत घरंगळेल. मग तेच पान बोटाने जोरात चोळून पुन्हा थेंब टाका. या वेळी तो पसरून बसेल, कारण वरचे मेण पुसले गेले. निसर्गाची युक्ती कशी चालते आणि ती कशाने मोडते, हे दोन्ही मुलांना एकाच पानावर दिसेल. त्यानंतर मुलांना हात साबणाने धुवायला लावा. सेमेलवाइसच्या काळापासून आजपर्यंत त्या उपायाला पर्याय निघालेला नाही. शार्कची कातडी लागलीच, तर त्याच्या जोडीला लागेल.